पैसा मालकाचा, कार्ड कामगाराचं

कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमचं आयुष्य नोकरीइतकंच असतं. राजीनामा दिला, काढून टाकलं, कंपनीच बंद पडली, कारण कुठलंही असो, कामाचा शेवटचा दिवस उलटला की घरातल्या चार-पाच माणसांचा विमा गेला. बायकोला सातवा महिना असेल, वडिलांची अँजिओप्लास्टी पुढच्या आठवड्यात ठरली असेल, त्यानं काही फरक पडत नाही. घरात पगार येणं थांबतं आणि दवाखान्याचा आधारही त्याच दिवशी जातो. ज्या महिन्यात माणसाला त्याची गरज सगळ्यात जास्त, नेमका त्याच महिन्यात तो काढून घेतला जातो.

मी पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्याच्या वेतन विभागात काम करते. हजेरीपट, ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरायची चलनं, हे रोजचं काम. त्यामुळे कामगाराच्या औषधपाण्याची जबाबदारी मालकाची की सरकारची, हा वाद मला लांबचा वाटत नाही. माझं मत असं आहे: पैसे मालकानं दिलेच पाहिजेत, त्यातून त्याची सुटका नको. पण विमा कोणता, कोणाकोणाला आणि किती दिवस, हे ठरवण्याचा अधिकार मालकाकडे असता कामा नये. वर्गणी त्याची, कार्ड मात्र कामगाराचं. नोकरी गेली तरी त्याच्या खिशात राहणारं.

मालकानं का द्यायचं, या प्रश्नाला एक ठरावीक उत्तर दिलं जातं. निरोगी कामगार जास्त काम करतो, खाडे कमी होतात, म्हणून हा खर्च मालकाच्याच फायद्याचा. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ज्या कामगाराच्या जागी उद्या सकाळी गेटवर दुसरा उभा असतो, त्याच्या तब्येतीवर खर्च करण्यात मालकाचा फायदा उरत नाही. मग त्याला विमा नको का? खरं कारण वेगळं आहे. मशीन झिजतं म्हणून त्याची देखभाल आणि घसारा आपण उत्पादनखर्चात धरतो, त्यावर कोणी वाद घालत नाही. काम करताना माणसाचं शरीरही झिजतं. फाउंड्रीच्या धगीत झिजतं, प्रेस शॉपच्या आवाजात झिजतं, ग्राइंडिंगच्या धुळीत आणि कॉल सेंटरच्या रात्रपाळीतही झिजतं. ही झीज मालाच्या किमतीत धरली नाही तर माल स्वस्त दिसतो, आणि उरलेली किंमत कामगाराचं घर भरतं. कधी दागिने गहाण टाकून, कधी गावाकडची जमीन विकून.

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये कापसाच्या बारीक धुळीनं जो आजार व्हायचा त्याचं नाव बिसिनोसिस. सुरुवातीला फक्त सुट्टीनंतर कामावर आलं की छाती आवळून यायची, आठवडा सरताना बरं वाटायचं. पुढे दम कायमचा व्हायचा. कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत हा आजार आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढच्या वर्षांत एकेक गिरणी बंद पडत गेली. कामगाराचं नाव हजेरीपटावरून उतरलं, फुप्फुसातली धूळ मात्र त्याच्याबरोबर कोकणात, घाटावर, गावाकडे गेली. कामामुळे होणाऱ्या बऱ्याच रोगांची हीच रीत आहे. सिलिकॉसिस आणि अ‍ॅस्बेस्टॉसिस हे धुळीनं होणारे फुप्फुसाचे रोग, कानानं कमी ऐकू येणं, हे सगळं अनेकदा काम सुटल्यावर, उतारवयात उघड होतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात हे नीट ओळखलं होतं. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं, आणि प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षं, यांतला जो काळ उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. शेवटच्या दिवशी संपणारी पॉलिसी या न्यायाच्या जवळपासही येत नाही.

नोकरी आणि आरोग्य विमा यांची सगळ्यात घट्ट गाठ बांधली अमेरिकेनं, आणि तीसुद्धा विचारपूर्वक नाही. १९४२ मध्ये युद्धकाळात तिथं पगारवाढीवर निर्बंध आले, विमा मात्र त्यातून वगळला गेला. माणसं मिळत नव्हती, पगार वाढवता येत नव्हता, म्हणून कंपन्या विमा देऊ लागल्या. १९५४ च्या करकायद्यानं त्यावरची करसवलत पक्की केली आणि तात्पुरती सोय कायमची व्यवस्था होऊन बसली. आज तिथली सुमारे निम्मी जनता नोकरीच्या विम्यावर आहे. त्याचा अर्थ काय होतो ते न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी घरांना विचारा. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत नवी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. त्याच काळात विमाही जातो. तो काही महिने चालू ठेवण्याची कायदेशीर सोय आहे, पण मग कंपनीचा वाटा धरून पूर्ण हप्ता स्वतः भरायचा, वर दोन टक्के व्यवस्थापन खर्च. पगार बंद असताना! आजारी मूल घरात असेल तर माणूस नको झालेली नोकरीही सोडू शकत नाही. अशा माणसाला पगार वाढवून मागण्याचं बळ कुठून येणार?

हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या आपल्या मुलांची गाडी त्याच रस्त्यानं चालली आहे. ऑफर लेटरवर विम्याचा हप्ता सीटीसीमध्ये, कंपनी त्याच्यावर करते त्या एकूण खर्चात, धरलेला असतो, म्हणजे पैसा त्याच्याच श्रमाचा. पण पॉलिसी कंपनीच्या नावावर, अटी कंपनीनं ठरवलेल्या. आई-वडिलांना घ्यायचं की नाही, खोलीभाड्याची मर्यादा किती, बाळंतपणाला किती रक्कम, यांतलं काहीच त्याच्या हातात नाही. ग्रुप पॉलिसीत जुन्या आजारांसाठी थांबावं लागत नाही, हा तिचा खरा मोठा गुण. पण त्या गुणामुळेच माणूस पंधरा-वीस वर्षं तिच्यावर विसंबून राहतो, स्वतःची पॉलिसी घेत नाही, आणि पन्नाशीत नोकरी गेली की बाजारात उभा राहतो तेव्हा मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जडलेले असतात. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, हे चांगलं झालं. पण वयानुसार चढणारा हप्ता आणि आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतची वाट त्यानं जात नाही.

रिन्यूअलच्या वेळी काय चालतं हे कामगारांना दिसत नाही. विमा कंपनी वर्षभराचे क्लेम पाहते. मध्यम आकाराच्या कारखान्यात एक कॅन्सर, एक अपुऱ्या दिवसांचं बाळ, एक बायपास एवढं झालं की पुढच्या वर्षीचा हप्ता चढतो. मग बैठक बसते आणि पर्याय मांडले जातात: पालकांना वगळू, कामगाराकडून बिलाचे दहा-वीस टक्के घेऊ, रक्कम कमी करू. बैठकीतली माणसं दुष्ट नसतात, त्यांना आकडा जुळवायचा असतो. पण ज्याच्या घरातल्या आजारपणामुळे हप्ता वाढला तो कोण, हे छोट्या कारखान्यात सगळ्यांना माहीत असतं. आणि पुढच्या भरतीत पंचेचाळिशीचा अनुभवी फिटर घ्यायचा की पंचविशीचा पोरगा, हे ठरवताना त्या आकड्याची सावली पडतेच. आजाराचा खर्च एकेका मालकाच्या खात्यावर पडला की मालक आजारी माणसाला टाळणारच. हा स्वभावाचा दोष नाही, रचनेचा आहे.

आपल्याकडे याहून शहाणी रचना झाली होती, तीही स्वातंत्र्याच्या तोंडावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं गेलं. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून पुढे कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ झाला. आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो हाच. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली.

त्यातली खुबी अशी. मालक आणि कामगार दोघंही पगाराच्या ठरावीक टक्क्यानं एका सामायिक निधीत पैसे भरतात. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. १८,००० पगारावर मालकाचे ५८५ रुपये, कामगाराचे १३५. घरात कोण आजारी आहे, किती वेळा आजारी पडलं, यावर दर बदलत नाही. एखाद्याच्या बायकोला कॅन्सर झाला म्हणून त्याच्या मालकाचं चलन एका रुपयानंही वाढत नाही. त्यामुळे आजारी कामगाराला टाळण्याचं कारणच मालकाला उरत नाही. शिवाय दवाखान्याच्या बिलापलीकडचाही विचार आहे. आजारपणात पगार बुडतो, म्हणून वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कुठलीही साधी मेडिक्लेम पॉलिसी हे देत नाही, आणि रोजंदारीच्या घरात बिलाइतकाच हा बुडालेला पगार घात करतो.

आणखी एक गोष्ट. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली की पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरला उपयोगी पडते. म्हणजे काम सुटलं तरी दवाखाना लगेच सुटत नाही. नोकरीच्या शेवटच्या दिवशी माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही, एवढी समज ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना होती.

मग ही योजना सगळ्यांना का नाही? कारण तिच्या दाराला पगाराची चौकट आहे. जानेवारी २०१७ मध्ये मर्यादा २१,००० रुपये झाली आणि तिथंच राहिली. इतक्या वर्षांत घरभाडं, भाजी, शाळेची फी कुठल्या कुठं गेली. पगार त्यांच्या मागून रखडत चढला, आणि २१,००० ओलांडला की माणूस ईएसआयमधून बाहेर.

आमच्याकडच्या एका सीएनसी ऑपरेटरला एप्रिलची पगारवाढ मिळाली, २०,६०० चे २१,४५० झाले. पत्र हातात पडल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, हे साडेआठशे नाही घेतले तर चालतील का? आईचं इन्शुलिन दवाखान्यातून मिळतं." आई त्याच्यावर अवलंबून, त्यामुळे ईएसआयच्या कुटुंबात ती धरलेली. इन्शुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, तीन महिन्यांनी होणारी तपासणी, सगळं तिथून. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बायको आणि दोन मुलं, आई-वडील नाहीत. आणि असते तरी महिन्याची औषधं त्या पॉलिसीत बसत नाहीत. पगार परत करता येत नाही. आधीच्या वर्गणीवर डिसेंबरपर्यंत आईला औषधं मिळतील, तेवढं मी त्याला सांगू शकले. मान हलवून तो शॉपवर गेला. चांगलं काम करणाऱ्याला पगारवाढ मिळाली आणि त्याच्या घरावर खर्चाचा नवा बोजा पडला, अशी व्यवस्था चालू ठेवायला माझ्या मते कोणतंही समर्थन नाही. पगाराची मर्यादा वर्गणी मोजण्यापुरती ठेवावी, सभासद राहण्यासाठी नाही. ज्याला पन्नास हजार पगार आहे त्यानं आणि त्याच्या मालकानं मर्यादेपर्यंतच्या रकमेवर वर्गणी भरावी आणि कार्ड चालू ठेवावं. कंपनीला वर आणखी चांगली पॉलिसी द्यायची असेल तर खुशाल द्यावी.

यावर लोक लगेच म्हणतात, ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन बघा आधी. खरं आहे, आणि हे बोलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. डॉक्टर नाहीत, औषध बाहेरून आणा, मोठ्या रुग्णालयाचं रेफरल मिळवायला दिवसचे दिवस, आणि एक दिवसाचा पगार बुडवून रांगेत उभं राहायचं. १७ डिसेंबर २०१८ ला मुंबईत अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागली, रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जिवाला मुकले. बरे व्हायला गेलेली माणसं होती ती. निधीत पैसा कमी आहे म्हणून हे होतं असं नाही, वर्षानुवर्षं वर्गणी जमा होते त्यापेक्षा खर्च कमी होत आला आहे. घोडं अडतं ते दुसरीकडे. पैसा केंद्राच्या महामंडळाकडे आणि बरेचसे दवाखाने चालवायचे राज्यानं, त्यामुळे महामंडळ राज्याकडे आणि राज्य महामंडळाकडे बोट दाखवतं. महामंडळावर कामगारांचे प्रतिनिधी असतात, पण चिंचवडच्या दवाखान्यात औषध का नाही याचा जाब तिथं कोणी कोणाला विचारत नाही. ज्यांच्या पगारातून पैसे कापले जातात त्यांची समिती प्रत्येक रुग्णालयाला असावी आणि औषध नसेल तर बाहेरच्या दुकानातून घेऊन बिल महामंडळानं ठरावीक दिवसांत चुकतं करावं. दवाखाना वाईट आहे, हे तो सुधारण्याचं कारण आहे. कामगाराला विमा कंपनीच्या हवाली करण्याचं नाही.

मोठी गळती वेगळ्याच जागी आहे. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कोणत्याही गेटवर पाळी सुटताना उभं राहा. एकाच रंगाचे शर्ट दिसतील, पण हजेरीपट चार. कायम कामगार, ठेकेदाराचे कामगार, शिकाऊ, आणि ज्यांना नुसतं 'ट्रेनी' म्हणतात ते. काम एकाच लाइनवर, एकाच गतीनं. ठेकेदाराच्या कामगारासाठी कायदा स्पष्ट आहे. १९४८ च्या मूळ ईएसआय कायद्याच्या कलम ४० प्रमाणे वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची, ठेकेदाराकडून त्यानं ती नंतर वसूल करावी. प्रत्यक्षात ठेकेदार बदलतो, दोन कंत्राटांमध्ये ब्रेक दिला जातो, नव्या ठेकेदाराकडे कधी नवाच विमा क्रमांक निघतो, आणि ७८ दिवसांचा हिशेब तुटतो. पगारातून 'ईएसआय कटतं' एवढं पोराला माहीत असतं. ईएसआयचं ओळखपत्र, म्हणजे ई-पहचान कार्ड, काढून हातात दिलेलं नसतं, कुटुंबाची नावं चढवलेली नसतात. बोट मशीनमध्ये गेल्यावर कागद शोधायला सुरुवात होते. शिकाऊ उमेदवारांची स्थिती याहून वाईट. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा मुलगा ईएसआयच्या कर्मचाऱ्यांत मोडतच नाही. वय एकोणीस-वीस, हात पॉवर प्रेसवर, आणि तो कामगार नाही!

ईएसआय लागू व्हायला किमान दहा माणसं लागतात, ती अटही अशीच. त्या आकड्यापाशी आल्यावर अनेक वर्कशॉप हजेरीपटावर नऊच नावं ठेवतात. छोट्या मालकाची अडचण मला कळते. भोसरीत भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ टाकून बसलेला माणूस बऱ्याचदा स्वतःच आदल्या पिढीतला कामगार असतो, त्याच्याही घरात विमा नसतो आणि मोठ्या कंपनीनं त्याचं बिल तीन-तीन महिने अडकवलेलं असतं. म्हणून त्याला वगळू नका, त्यालाच आत घ्या. तो, त्याचं कुटुंब आणि त्याचे सहा कामगार एकाच वर्गणीत यावेत, आणि पहिली काही वर्षं त्याचा अर्धा वाटा सरकारनं भरावा. ज्या मोठ्या कंपनीसाठी तो नट-बोल्ट करतो तिनं बिल देताना विम्याचं चलन पाहावं. जीएसटी भरल्याचा पुरावा पाहतातच ना?

काही लोक, आणि त्यांत माझ्या आदराचे डॉक्टरही आहेत, म्हणतात की हे सगळं सोडा. आरोग्य हा नागरिकाचा हक्क आहे, कामगाराचा नाही, तेव्हा सगळा खर्च करातून व्हावा. ब्रिटननं ५ जुलै १९४८ ला ते केलं, आपला ईएसआय कायदा झाला त्याच वर्षी. तत्त्व म्हणून मला हे पटतं. महाराष्ट्रानंही त्या दिशेनं पाऊल टाकलं आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत दीड लाखाच्या मर्यादेनं सुरू झाली. आज ती महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना म्हणून पांढऱ्या रेशनकार्डासह सगळ्या कुटुंबांना खुली आहे आणि मर्यादा पाच लाखांची आहे. हे लहान काम नाही. पण ती योजना ठरावीक उपचारांसाठी, दाखल झालेल्या रुग्णाला उपयोगी पडते. सीएनसी ऑपरेटरच्या आईचं इन्शुलिन तिच्यात नाही, बुडालेला पगार तिच्यात नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला, तो मोठ्या प्रमाणावर अशाच औषधगोळ्यांवर आणि तपासण्यांवर जातो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ म्हटलं होतं. ते वर्ष उलटलं, आपण तिथं पोचलो नाही. अशा वेळी मालकाला मोकळं केलं तर त्याचे ३.२५ टक्के सरकारी दवाखान्याकडे वळणार नाहीत, ताळेबंदातच राहतील. सरकार आपला वाटा वाढवेल तेव्हा दोन्ही निधी एकत्र करण्याचं बोलू. तोवर मालकाची वर्गणी सोडायची नाही.

ज्यांना एक मालक नाहीच त्यांचं काय, हा प्रश्न अवघड म्हणून बाजूला टाकला जातो. महाराष्ट्रानं तो १९६९ मध्येच सोडवून दाखवला आहे. बाजारातला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक उतरवतो, दुपारी दुसऱ्याचा. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी जो लढा दिला त्यातून माथाडी कायदा आला आणि त्यानं उत्तर दिलं: मालक कितीही असोत, नोंदणी मंडळाकडे. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरतो, मंडळ कामगाराला पगार देतं, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार होतात. कोपरखैरण्याला माथाडींचं स्वतःचं रुग्णालय उभं राहिलं. मंडळांत पुढे गैरप्रकार शिरले, बोगस नोंदण्या झाल्या, हेही खरं. पण हमालाचं कार्ड कोणत्याही व्यापाऱ्याच्या मर्जीवर नसतं, ही गोष्ट त्यानं खोटी ठरत नाही.

डिलिव्हरीच्या पोरांना हेच लावता येईल. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत प्लॅटफॉर्म कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम गिग कामगारांच्या निधीत भरायची तरतूद आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. पोरगा सकाळी एका अ‍ॅपवर आणि रात्री दुसऱ्या अ‍ॅपवर असतो, म्हणून अपघात कोणाच्या ऑर्डरवर झाला यावर विमा अवलंबून ठेवणं अन्यायाचं आहे. पैसा सगळ्यांकडून एका निधीत यावा, कार्ड पोराच्या नावानं निघावं.

आणि ऊसतोड. कारखाना म्हणतो तो आमचा कामगार नाही, मुकादमाचा. मुकादम म्हणतो मी फक्त उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल त्या कोयत्यावर, आणि एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचा दंड उचलीत चढतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं चौकशी केली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत, पोटात दुखत असताना खाडा परवडत नाही, वेळेवर साधा उपचार मिळत नाही, आणि खाजगी डॉक्टर पिशवीच काढून टाकायला सांगतो. तिच्या आजारपणाचे दिवस मालाच्या किमतीत कोणीच धरलेले नाहीत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं आहे, गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांनी दहा रुपये आणि तेवढेच सरकारनं द्यायचे ठरलं आहे. म्हणजे मालक कोण हा वाद मिटायची वाट न पाहता मालकाकडून पैसा घेण्याची वाट सापडली आहे. आता त्या पैशातून प्रत्येकीला आरोग्याचं कार्ड मिळावं. ते पावसाळ्यात बीडला चाललं पाहिजे, हंगामात कोल्हापूरला आणि सीमेपलीकडे कर्नाटकातल्या फडावरही चाललं पाहिजे. आजारपणाच्या दिवसांचा खाडा लावायला बंदी हवी आणि त्या दिवसांची भरपाई निधीतून हवी. आणि कार्ड कोयत्याच्या नावावर एक न निघता नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं निघायला हवं, म्हणजे दवाखान्यात जायला तिला मुकादमाची किंवा नवऱ्याची परवानगी लागणार नाही.